लोकसभेचा प्रचार: चिन्ह उशिरा, माणसं मोजकी. पत्रकं, गाड्या, खर्च कसा बसवायचा?

करवीर_कट्टा:
उमेदवार कोल्हापूर लोकसभेला, पक्ष नोंदणीकृत पण मान्यता नसलेला. त्यामुळं चिन्ह माघारीच्या दिवशी दुपारी तीननंतरच हातात पडणार. करवीरात चाळीस माणसं आहेत, चंदगडात बारा. पत्रकं किती छापावीत? गाड्यांचे परवाने कुणाकडं? आणि खर्चाची वही कशी ठेवली म्हणजे मागनं नोटीस येत नाही?

यादी_भाग_क्रमांक:
मतदार मोजून छापू नका, घरं मोजा. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार धरले तर तीनशेच्या आसपास घरं निघतात. चाळीस माणसं म्हणजे वीस जोड्या. एक जोडी तासाला बारा-पंधरा घरं करते, पण एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ एवढाच वेळ खरा. त्यातही धारेच्या वेळी बाप्ये माणसं दूध संस्थेत असतात, घरात म्हातारीच भेटते. त्या तासाभरात जोडीनं संस्थेच्या दारात थांबावं. हे सगळं वजा करून दिवसाला ऐंशी घरं, म्हणजे एक केंद्र चार दिवस.

माघारीनंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस मिळतात, शेवटचे दोन सोडा. बारा दिवसांत जोडीमागं तीन केंद्रं, एकूण साठ. घरं अठरा हजार, पत्रकं वीस हजार पुरेत. पन्नास हजार छापून गठ्ठे कार्यालयात पडतात, आणि त्यांचा खर्च मात्र लागतोच. करवीरात केंद्रं साठाच्या कितीतरी पट आहेत, तेव्हा कुठली साठ हे आधीच ठरवा.

चंदगडला हा हिशेब लावू नका. वाड्या-वस्त्या लांब, वेग निम्मा. तिथं यादीत मुंबई-पुण्याला असलेल्यांवर खूण करा आणि त्यांना फोन लावा. दार वाजवून कोण भेटणार?

छापखाना_गल्ली:
मजकूर, फोटो आधी जुळवून ठेवा, चिन्हाची जागा तेवढी मोकळी सोडा. चिन्ह मिळालं की रात्रीत छपाई. मतदान यंत्रावरचा क्रमांकही त्याच वेळी कळतो, तो मोठा छापा. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं यंत्र जोडतात (एकावर 'नोटा' म्हणजे 'यापैकी कोणी नाही' हे बटण धरून सोळाच बटणं), मग 'दुसरं यंत्र, अमुक क्रमांक' असं स्पष्ट लिहा. यात गफलत झाली की मत शेजाऱ्याला.

खाली मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127क. प्रकाशकानं दोन ओळखीच्यांच्या सह्यांसह घोषणापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भोंगा_बंद:
गाडीचा परवाना त्या गाडीपुरता आणि त्या उमेदवारापुरता. मूळ प्रत पुढच्या काचेवर चिकटवा, झेरॉक्स चालत नाही. एका विधानसभेपुरती गाडी असेल तर तिथल्या सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं, सगळ्या मतदारसंघात फिरणार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज निवडणूक आयोगाच्या 'सुविधा' संकेतस्थळावर, किमान 48 तास आधी. मैदानाला जो आधी अर्ज करेल त्याला आधी.

मोठी चूक ही होते: परवाना घेतला, गाडी दारात उभी राहिली, आणि कळवलं नाही. भाडं उमेदवाराच्या नावावर चढत राहतं. दोन दिवसांपेक्षा जास्त वापरणार नसाल तर लेखी कळवून परवाना परत करा. आणि भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंद. तालमीच्या चौकात कोपरा सभा रंगात आली तरी दहाला वायर काढायचीच.

यादी_भाग_क्रमांक:
वर 'शेवटचे दोन सोडा' म्हणालो ते सभा-भोंग्याला, जाहीर प्रचार तेव्हा बंद असतो. शांतपणे घरोघरी जाता येतं. फक्त या मतदारसंघाचे मतदार नसलेले कार्यकर्ते तेव्हा इथं थांबू शकत नाहीत. हातकणंगल्याची पोरं मदतीला घेतली असतील तर आधी परत पाठवा.

खतावणी:
खर्चाची मर्यादा 95 लाख. तुम्ही तिथवर जाणार नाही, पण नोटीस रकमेवर येत नाही, ती मेळ न बसण्यावर येते. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडा. वहीचे तीन भाग: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका माणसाला दहा हजारांवर रोख देऊ नका. प्रचाराच्या काळात तीनदा तपासणी होते, तिकडं प्रशासनाच्या खर्च पथकाची समांतर नोंदवही असते. तुम्ही मांडव स्वस्तात घेतला असला तरी ते प्रशासनाच्या दरपत्रकानं मोजतात, म्हणून पावती आणि भाड्याचा करार जोडून ठेवा.

हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, पण आधी छापलेलं साहित्य नंतर वापरलं तर तेही धरायचं. निकालानंतर 30 दिवसांत सादर. योग्य कारणाशिवाय चुकवलं तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता, हरलेल्यालासुद्धा.

आणि या दिवसांत गावोगाव म्हाया (ग्रामदेवीच्या जत्रेची मटणाची जेवणं) असतात. जेवणाच्या मांडवात उमेदवाराचा फलक लागला की मटणाचा खर्च तुमच्या वहीत, वर आमिषाची तक्रार वेगळी. पोरांना आजच सांगून ठेवा.