म्हणे, बंबावरच्या पोरांना पेन्शन कशाला?

नळीवाला
काल गावच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी टाकलं: 'नगरपरिषदेचे मानधनी फायरमन महिन्याला जेमतेम चार वर्द्या (आगीचे कॉल) करतात, बाकी वेळ कॅरम. वर्दीमागे पैसे मोजा आणि विषय संपवा. पेन्शनचे लाड आमच्या घरपट्टीतून नकोत.' त्यावर धडाधड अंगठे पडले. तिथे बोललो तर ग्रुपमधून काढतील, म्हणून इथे.

मी सात वर्षं ठेकेदारामार्फत ठोक मानधनावर विमोचक (फायरमन) होतो. सहा महिन्यांचा कोर्स पदरच्या पैशाने केला. एकदा रात्री दोनला जिनिंगची वर्दी आली. कापसाची आग वरून विझलेली दिसते, पण आत गाठीत धुमसत असते. गाठ फोडायची, पाणी मारायचं, पुढची ओढायची. सकाळी अकराला हात मोकळे झाले, तोवर बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. कागदावर ही 'एक वर्दी'. आणि ज्या दिवशी फोन वाजत नाही, त्या दिवशीही गाव सोडून मेहुणीच्या लग्नाला जाता येत नाही. त्याचे पैसे कोण मोजणार?

सात वर्षांत ठेकेदार तीनदा बदलला. एकाने पीएफ कापला आणि भरलाच नाही. आमच्या बॅचचे पाच होतो, आज एकही बंबावर नाही. कुणी एमआयडीसीत सेफ्टीला, एक मस्कतला. गेल्या महिन्यात आग बघायला गेलो तर नवा पोरगा नळीचं कुठलं टोक पंपाला लावायचं ते शोधत होता. त्याची चूक नाही, त्याला येऊन तीन आठवडे झाले होते.

काटकसरे
भावना पोचल्या. आता हिशेब. मी ३१ वर्षं पालिकांच्या लेखा विभागात काढली. १९९९ ला नगरपरिषदांची जकात गेली, तेव्हापासून पगार शासनाच्या सहाय्यक अनुदानावर. आस्थापना खर्च (पगारपाणी) उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की नवी भरती बंद. माझंच निवृत्तिवेतन वीस तारखेच्या आत आलं तर बायको पेढे आणते. पेन्शन म्हणजे आजच्या नगरसेवकाने अजून न जन्मलेल्या करदात्याच्या नावावर लिहिलेली हुंडी.

नळीवाला
काका, ३५ टक्क्यांत बसायचं म्हणूनच तर आम्ही ठेकेदाराच्या नावावर! माणूस तोच, बंब तोच, फक्त खर्चाचं शीर्ष वेगळं. आणि जुनी पेन्शन मागतंय कोण? ती १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या कायमवाल्यांनाही नाही. राज्य कर्मचाऱ्याच्या एनपीएसमध्ये (नव्या पेन्शन योजनेत) शासन पगाराच्या १४ टक्के घालतं, तेवढं घाला. दहा पोरं, १५ हजार मानधन: महिन्याला २१ हजार. एवढ्यात तुमच्या गावात स्वागत कमान तरी होते का?
ठेकेदाराने नियमाने भरलं तरी हातात काय, तर ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन. किमान पेन्शन १,००० रुपये, २०१४ पासून तीच. तीही दहा वर्षं सेवा भरली तर.

माळीआळी
वर्दीमागे पैसे हेच बरोबर. फक्त कावळ्याची वर्दी धरायची का ते सांगा. संक्रांतीला आमच्या आळीत मांजात अडकलेल्या कावळ्यासाठी बंब आला. शिडी, दोर, तासभर तमाशा. तेवढ्यात कुणाचं घर पेटलं असतं तर?

मनीची_आई
कावळा नव्हता, गव्हाणी घुबड होतं. आणि फोन मी केला होता. लाज वाटत असेल तर ती मांजा सोडणाऱ्यांनी वाटून घ्या.

माळीआळी
काळं होतं. मी गच्चीतूनच बघत होतो.

मनीची_आई
गच्चीत काय करत होतात ते अख्ख्या आळीला माहीत आहे. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, तुमच्या चिरंजीवांच्या चकरीवर काय होतं?

माळीआळी
माझ्या मुलापर्यंत जायचं कारण नाही. तुमच्या सहा मांजरींसाठी आतापर्यंत किती वेळा १०१ फिरवलंत ते सांगा आधी.

मनीची_आई
दोनदा. आणि चार मांजरी आहेत.

सातासमुद्रापार
धागा पेन्शनचा आहे की पक्षीमित्रांचा? मी इंग्लंडात राहतो. शेजारी सुतार आहे आणि ऑन-कॉल फायरमनही. ठाण्यापासून पाच मिनिटांत पोचता येईल एवढ्याच अंतरात राहायचं, ही अट. तयार राहण्याचे वार्षिक पैसे वेगळे, वर्दीचे वेगळे. पेन्शन यांनाही नव्हती. ते कोर्टात गेले, २००६ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) मॅथ्यूज खटल्यात त्यांची बाजू उचलली. पुढे जुलै २००० आधीची सेवाही धरायला लागली.

काटकसरे
आणि पैसा? तो राणीने दिला का?

सातासमुद्रापार
कौन्सिल टॅक्सच्या बिलात फायरची ओळ वेगळी छापलेली असते. लोक कुरकुरतात, पण भरतात.

नळीवाला
ओळ आपल्याकडेही असते! घरपट्टीचं बिल काढून बघा, वृक्ष करासारखा बऱ्याच ठिकाणी अग्निशमन कर वेगळा लावलेला असतो. काका, हा जातो कुठे?

काटकसरे
मला विचारू नका. खतावणी मीच करायचो.

कोरडा_बंदोबस्त
मी होमगार्ड. २०२४ ला आमचा भत्ता ५७० वरून १,०८३ झाला, त्यावर टाळ्या वाजल्या. बोलावलं तर दिवस, नाही तर घरी. आम्हाला पेन्शन नाही तर यांना का?

नळीवाला
भाऊ, माझ्या ताटात नाही म्हणून तुझ्याही नको, असं भांडू आपण दोघं. साहेब वरून बघतील.

काटकसरे
कायम करा म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल आडवा येतो (नियमित भरतीशिवाय लागलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही), एवढं लक्षात असू द्या.

सातासमुद्रापार
त्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ ला जग्गो प्रकरणात सांगितलं, की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांना हाकलायला उमादेवीची ढाल करू नका.

काटकसरे
बरं बाबा, वाचलाय. १४ टक्के ठेकेदाराच्या हातात न देता थेट खात्यावर जाणार असतील, आणि तो कर खरंच त्या शीर्षाखाली खर्च होणार असेल, तर माझी हरकत नाही. म्हणजे हे होणार नाही हे मला माहीत असल्यामुळे हरकत नाही.

नळीवाला
एवढंही पुष्कळ झालं. मनीताई, ते घुबड जगलं का?

मनीची_आई
जगलं. त्या मुलाने मात्र हातमोजे नसताना सोडवलं. नखं लागली, मनगटावर चार टाके. मी पैसे देऊ केले तर घेईना, दवाखान्याचं त्यानेच भरलं. पालिकेत विचारलं तर म्हणाले, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा.

माळीआळी
हे आधी सांगायचं ना. तरी कावळाच होता.