मदत हवी आहे: पाठ केलेली कविता कडव्यांच्या सांध्यावर तुटते

नमस्कार. वर्षभरापासून मी कविता पाठ करण्याचा सराव पुन्हा सुरू केला आहे, कारण पुस्तक हाताशी नसतानाही तोंडपाठ कविता सोबत राहते आणि कितव्यांदा तरी म्हणताना एखादी ओळ अचानक उलगडते, हा अनुभव नुसत्या वाचनातून मला कधी आला नाही.

वृत्तबद्ध कवितेचे फारसे अडत नाही. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणाची १२ अक्षरे आणि चार य-गण (लघु-गुरु-गुरु अशा क्रमाचे तीन अक्षरांचे गट) ठरलेले असल्यामुळे शब्द निसटला की कान लगेच अडखळतो. मुक्तछंदात मात्र असा पहारा नसतो. मूळ ‘आणि’च्या जागी मी आठवडाभर ‘पण’ म्हणत होतो आणि ते मला कळलेही नाही! त्याहून मोठी अडचण म्हणजे, दोन कडव्यांची सुरुवात सारख्याच शब्दाने होत असेल, तर दुसऱ्या कडव्यावरून मी थेट चौथ्यावर घसरतो आणि तिसरे गायब होते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक प्रयोगांत एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी सरस ठरली होती. तशी उजळणी मी करतो, तरीही सांधे कच्चेच राहतात. शेवटच्या कडव्यापासून मागे येत पाठ करणे, हाताने लिहून काढणे किंवा आधीच्या कडव्याची अखेरची ओळ पुढच्या पहिल्या ओळीला जोडून म्हणणे, यांपैकी काय आपल्याला प्रत्यक्ष उपयोगी पडले? मुक्तछंदासाठी वेगळी पद्धत असल्यास तीही कृपया सविस्तर सांगावी.