लिलावात विकलेले जड सामान न्यायला येणारे अवघड ग्राहक

रावपुऱ्याची_लेक

नमस्कार. बडोद्याच्या रावपुऱ्यातील आमचे जुने घर दोन महिन्यांत रिकामे करून द्यायचे असल्यामुळे आजोबांच्या वेळचे जड सामान मी ऑनलाइन लिलावाने विकत आहे. संखेड्याचा लाखकामाचा झोपाळा, साडेसहा फुटी लोखंडी कपाट, शिसवी जेवणाचे टेबल अशा या वस्तू आहेत. कुरिअरने पाठवण्याजोगे त्यात काहीच नाही, म्हणून प्रत्येक वर्णनात ‘खरेदीदाराने स्वतः येऊन न्यावे’ असे मी ठळकपणे लिहिले होते. बोली चांगली लागली. अडचण सुरू झाली ती बोली संपल्यावर.

झोपाळ्याची अंतिम बोली ३१,५०० रुपयांची होती. ज्यांनी ती लावली ते गृहस्थ आठ दिवस ‘उद्या येतो’ म्हणत राहिले आणि नवव्या दिवशी रात्री साडेनऊ वाजता छोटा हत्ती टेम्पो घेऊन, परंतु एकही मजूर न आणता, दारात उभे राहिले. आईने रीतीप्रमाणे चहा केला. चहा झाल्यावर त्यांनी एका दांडीवरचा उडालेला रंग दाखवला आणि २४,००० रुपये काढून पुढे ठेवले. तो उडालेला रंग छायाचित्रात स्पष्ट दिसत होता, तरीही इतक्या लांबून आलेल्या माणसाला परत कसे पाठवावे, असे आईला वाटू लागले. मी नाही म्हटले आणि ते चिडून निघून गेले. झोपाळा आहे तिथेच आहे.

टेबलाचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. त्याचे पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी खात्यात आले, पण आज पाच आठवडे झाले तरी खरेदीदार ते न्यायला आलेले नाहीत. फोन उचलतात, गोड बोलतात, दर वेळी नवी तारीख देतात.

बयाणा घ्यावा का आणि किती घ्यावा? झोपाळा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला देता येईल का? टेबलाचे मी काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाडीची_मावशी

बाळ, तू नाही म्हणालीस हे उत्तम केलेस. बारा वर्षे मी जुन्या वस्तू विकत आहे आणि दारात येऊन भाव पाडणारा माणूस मला दर महिन्याला एक तरी भेटतो. त्याचा सगळा हिशोब तुमच्या संकोचावर आधारलेला असतो. गाडीचे भाडे भरले आहे, रात्र झाली आहे, घरात वयस्क माणसे आहेत, तेव्हा समोरची बाई वैतागून हो म्हणेल, असे तो धरून चालतो. म्हणून या धंद्यातला माझा पहिला नियम असा आहे की चहा पैसे खात्यात दिसल्यानंतरच करायचा. हे वाचून आपल्यातल्या अनेकांना मी उद्धट वाटेन, याची मला कल्पना आहे. पण आधी चहा दिला की आलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याशी व्यवहाराचे कठोर बोलणे आपल्याला जमत नाही.

ज्याला घासाघीस करायची आहे त्याच्यासाठी मी लिलाव संपण्यापूर्वीचा एक रविवार राखून ठेवते. सकाळी दहा ते एक या वेळात ज्याला वस्तू पाहायची असेल त्याने यावे, हलवून पाहावे, टॉर्च लावून कीड शोधावी. त्या रविवारी कोणी आले नाही तरी चालते, कारण पुढे दारात ‘हे मला माहीत नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर ‘आपल्याला पाहण्याची संधी दिली होती’ एवढे एक वाक्य त्याला पुरते. शिवाय वर्णनात मी दोषांचीच छायाचित्रे आधी टाकते आणि चांगली बाजू नंतर. बोली थोडी कमी लागते हे खरे आहे, परंतु जी लागते ती टिकते.

समा भागात राहणाऱ्या माझ्या नणंदेने हाच धडा फार महाग शिकला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी तिच्या तळमजल्यावर आले होते आणि नंतर विकायला काढलेल्या कपाटाच्या पायाशी पाण्याची रेघ राहिली होती. तिने ती लिहिली नाही. न्यायला आलेल्या माणसाने ती पाहिली आणि भांडण करून सौदा मोडला. खरे सांगायचे तर त्या दिवशी अवघड ग्राहक तो नव्हताच. आता बडोद्यातला कोणताही जाणता खरेदीदार ‘पुराचे पाणी लागले होते का?’ हा प्रश्न विचारतोच, म्हणून त्याचे उत्तर आपण होऊन लिहावे.

बयाणा मी वीस टक्के घेते, तोही लिलाव संपल्यापासून दोन दिवसांत. उरलेले पैसे दारात घेते आणि ते माझ्या बँकेच्या खात्यात जमा झालेले दिसेपर्यंत वस्तूचा एक स्क्रूसुद्धा उघडू देत नाही. वस्तू एकदा सुटी झाली की आपले पारडे हलके होते.

निवृत्त_लेखनिक

मावशींच्या व्यवहारज्ञानाला मी कायद्याची थोडी जोड देतो. पस्तीस वर्षे वकिलांच्या कार्यालयात काम केले, तेवढाच माझा अधिकार आहे.

आपल्याकडे अशा व्यवहारांना १९३० चा माल विक्री अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम ६४ नुसार लिलाव संपल्याचे जाहीर होताच विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोलीदाराला बोली मागे घेता येते. याचा अर्थ असा की लिलाव संपल्यानंतर दारात येऊन ‘२४,००० घ्या’ म्हणणारा माणूस सवलत मागत असतो. तो त्याचा हक्क नव्हे.

आता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराविषयी. झोपाळ्याचे पैसे आपल्याला मिळालेले नाहीत, म्हणून कलम ५४ च्या भाषेत आपण ‘मूल्य न मिळालेला विक्रेता’ आहात. अशा विक्रेत्याने पहिल्या खरेदीदाराला, मी वस्तू पुन्हा विकणार आहे, अशी सूचना द्यावी. वाजवी मुदतीत पैसे न आल्यास वस्तू दुसऱ्याला विकता येते आणि कमी किंमत आल्यास झालेले नुकसानही मागता येते. सूचना मात्र टाळू नये, कारण सूचनेविना फेरविक्री केली तर नुकसान मागण्याचा हक्क जातो, आणि जास्त किंमत आली तर तो वरचा नफा पहिल्या खरेदीदाराचा ठरतो. सूचना लेखी असावी; व्हॉट्सॲपवर पाठवून ती जपून ठेवली तरी आपले काम भागेल.

टेबलाचे प्रकरण वेगळे आहे आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. त्याचे पूर्ण पैसे आपण घेतले आहेत. ते टेबल आता त्यांचे आहे, आपण केवळ सांभाळत आहात, तेव्हा रागाच्या भरात ते दुसऱ्याला विकू नये. अशा वेळी कलम ४४ उपयोगी पडते. आपण वस्तू द्यायला तयार आहोत असे कळवून ती नेण्यास सांगितले आणि खरेदीदाराने वाजवी वेळेत ती नेली नाही, तर त्यामुळे झालेले नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च त्याच्याकडून मागता येतो. दररोजचा आकडा लिहून, निश्चित तारीख देऊन संदेश पाठवा. पुढच्या वेळी हीच अट वर्णनात आधीपासून असू द्या, म्हणजे वाजवी म्हणजे किती, यावर वाद होणार नाही.

कलम ३६ मध्ये कामाच्या आणखी तीन गोष्टी आहेत. वेगळे ठरले नसेल तर वस्तू विक्रीच्या वेळी जिथे असेल तिथेच ती ताब्यात द्यायची असते, म्हणून ‘वाटेत स्टेशनवर आणून द्या’ असा आग्रह मानण्याचे कारण नाही. शिवाय ताबा मागणे आणि देणे वाजवी वेळी झाले पाहिजे, आणि रात्रीची साडेनऊची वेळ तशी आहे असे मला वाटत नाही. तिसरी गोष्ट मात्र आपल्या विरुद्ध जाते. वस्तू ताब्यात देण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, विक्रेत्याचा असतो. झोपाळा छतावरून उतरवायला सुतार कोणी बोलवायचा आणि त्याची मजुरी कोणी द्यायची, हे म्हणूनच लिहून ठेवावे.

लेस्टरचा_बडोदेकर

मी मूळचा दांडिया बाजारचा; गेली अठरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि इथे ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर जुने फर्निचर विकतो. भारतातले ईबेचे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, त्यामुळे इथल्या सोयी तिथे मिळणार नाहीत. तरी त्यांच्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे.

इथे लिलाव जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे दिले नाहीत तर विक्रेत्याला व्यवहार रद्द करता येतो आणि ती नोंद त्या खरेदीदाराच्या खात्यावर राहते. अशा नोंदी असलेल्यांना आपल्या लिलावात बोली लावू न देण्याची सोय आहे. पैसे न आलेल्या वस्तूसाठी खालच्या बोलीदाराला ‘दुसरी संधी’ म्हणून त्याच्याच बोलीच्या किमतीत वस्तू देऊ करता येते. मात्र २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय लिहिता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

हाताने नेलेल्या वस्तूत एक खास धोका असतो. खरेदीदार पैसे ऑनलाइन देतो, वस्तू घेऊन जातो आणि नंतर ‘मला वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार करतो. कुरिअरची पोच असते, दारातल्या हस्तांतरणाची नसते. म्हणून इथे खरेदीदाराच्या फोनवर एक क्यूआर कोड आणि सहा आकडी संकेतांक येतो. वस्तू देताना विक्रेत्याने तो ॲपमध्ये नोंदवला की पोच तयार होते. तिथे हे काम दोन ओळींची पावती करील. ‘वस्तू पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत मिळाली’ असे लिहून तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टाकावा, सही घ्यावी आणि गाडीत चढवलेल्या वस्तूचे एक छायाचित्र काढावे.

बयाण्याच्या बाबतीत मात्र माझे मावशींशी जुळत नाही. पूर्ण रक्कम आधीच घ्यावी असे मी म्हणेन, कारण ज्याचे सगळे पैसे गेले आहेत तो दारात भाव पाडू शकत नाही.

वाडीची_मावशी

भाऊ, पूर्ण पैसे आधी घेतल्याचा परिणाम वरच्या टेबलात दिसतो आहे. ज्याचे पैसे देऊन झाले त्याला घाई उरत नाही, आणि आपली खोली मात्र अडते. शिवाय ज्या संकेतस्थळावर खरेदीदाराचे पैसे कोणी मध्ये धरून ठेवत नाही, तिथे न पाहिलेल्या वस्तूचे ३०,००० रुपये अनोळखी माणसाने आधी द्यावेत, ही अपेक्षा मलाच योग्य वाटत नाही. वीस टक्क्यांमुळे बोली लावणारा खरा की हौशी, एवढे कळते. तेवढेच मला हवे असते.

मांजलपूरकर_सुतार

मी दोन्ही बाजूंनी काम केले आहे, कधी विकणाऱ्याकडून उतरवायला आणि कधी घेणाऱ्याकडून न्यायला. निम्मी भांडणे मापावरून होतात. वस्तूचे माप सगळे देतात, पण जिन्याची रुंदी, वळणावरची जागा आणि दाराची चौकट कोणी लिहीत नाही. साडेसहा फुटी कपाट जुन्या घराच्या वळणाच्या जिन्यातून उभे उतरत नाही आणि आडवे वळत नाही. मग दोर लावून गॅलरीतून सोडावे लागते आणि चार माणसे लागतात. मोजपट्टी जिन्यावर ठेवून छायाचित्र टाका आणि ‘किमान चार माणसे आणावीत, घरातून मदत मिळणार नाही’ असे गुजरातीतही लिहा, कारण न्यायला येणारा गाडीवाला मराठी वाचत नाही. गल्लीत टेम्पो कुठवर येतो हेही सांगा. गणपती विसर्जनाच्या दिवशी आणि उत्तरायणाच्या दोन दिवसांत उचलण्याची वेळ देऊ नका. विसर्जनाला रस्ता मिळत नाही आणि १४ व १५ जानेवारीला मजूर पतंग सोडून गच्चीवरून खाली उतरत नाही.

जो वस्तू न पाहता, भाव न विचारता लगेच हो म्हणतो आणि ‘मी लष्करात आहे, माझा माणूस गाडी घेऊन येईल, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगतो, त्याला अवघड ग्राहक समजून समजावत बसू नका. तो ग्राहकच नाही. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कोणी फसलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. वरच्या अधिनियमाचे सालही १९३० च आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे जाईल.

रावपुऱ्याची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. लेखनिक काकांनी सांगितल्याप्रमाणे टेबलाच्या खरेदीदारांना मी सोमवारी लेखी कळवले की रविवारपर्यंत टेबल न नेल्यास दररोज १०० रुपये सांभाळणावळ लागेल. पाच आठवडे न मिळालेले ठोस उत्तर वीस मिनिटांत आले. रविवारी ते तीन मजूर घेऊन आले, पावतीवर सही केली आणि, हे सांगायलाच हवे, अतिशय सज्जनपणे वागले. घरात आजारपण होते, ते सांगायचे राहिले होते, असे त्यांनी जाताना सांगितले. मी मनातल्या मनात त्यांना बरेच काही म्हटले होते, त्याचे थोडे वाईट वाटले.

झोपाळ्याच्या गृहस्थांना फेरविक्रीची सूचना देऊन चार दिवसांची मुदत दिली होती. त्यांनी संदेश वाचला, उत्तर दिले नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदार आणंदच्या एक बाई आहेत. त्यांची बोली ३०,५०० ची होती आणि त्या आधी येऊन पाहणार आहेत. वर्णनात आता उडालेला रंग, जिन्याचे माप, वीस टक्के बयाणा, उचलण्याची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आणि सुतार खरेदीदाराचा, असे सगळे घातले आहे. आणखी काही राहिले आहे का?

मांजलपूरकर_सुतार

राहिले आहे. छताच्या तुळईतील कड्या झोपाळ्याबरोबर जाणार की तुळईतच राहणार, ते लिहा. पितळी साखळ्या सगळे धरूनच चालतात, पण कड्यांवरून मी दोन घरांत सौदे मोडताना पाहिले आहेत. आणि घर पाडायचे नसेल तर कड्या काढू देऊ नका. जुन्या लाकडात ते भोक पुन्हा नीट भरत नाही.