मदत हवी आहे: क्रिकेटच्या 'टिप'पायी भाच्याचे पैसे गेले, तक्रार केली तर केस त्याच्यावरच होईल का?

मोंढेकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी उदगीर तालुक्यातला, मोंढ्यावर खत-बियाण्याचं छोटं दुकान आहे. आजवर इथं नुसता वाचत आलो, लिहायची वेळ आली ती अशी.

अक्काचं लेकरू, वय २२, लातूरला खोली करून पोलिस भरतीची तयारी करतंय. सोयाबीन विकून आलेले पैसे अक्कानं त्याच्याच खात्यावर ठेवले होते, रब्बीच्या खर्चासाठी. हरभऱ्याचं बियाणं घ्यायला मागितले तर पठ्ठ्या गप्प. दोन दिवसांनी दुकानात आला, खताच्या गोणीवर बसून रडायला लागला, तेव्हा कळालं. १ लाख ४१ हजार गेले.

टेलिग्रामवर एक चॅनल. 'टॉस रिपोर्ट', 'सेशन', 'फिक्सर से डायरेक्ट' असली भाषा. आधी २,५०० मेंबरशिप. मग ३० हजार एका 'पक्क्या रिपोर्ट'चे. त्यांनीच दिलेल्या अ‍ॅपवर ६२ हजार लावले, तिथं वॉलेटमध्ये १ लाख ५५ हजार दिसायला लागले. काढायला गेला तर म्हणाले, ३० टक्के टॅक्स आधी भर. भरले, ४६,५००. तासाभरात ब्लॉक.

एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. चॅनलवर एका मॅचची टिप बरोबर आलेली दिसत होती, खाली बारीक अक्षरात 'एडिटेड'. तीच टिप यानं मॅचच्या आधी खोलीतल्या दोस्ताला फॉरवर्ड केली होती. दोस्ताच्या फोनमध्ये दुसऱ्याच टीमचं नाव! म्हणजे मॅच संपल्यावर नाव बदलायचं आणि वर 'पास पास पास' लिहायचं. इतका साधा खेळ, आणि आमचं बारावी सायन्स झालेलं लेकरू त्यात अडकलं.

आता प्रश्न. तो म्हणतोय, "मामा, तक्रार केली तर सट्टा खेळला म्हणून मलाच आत घेतील, भरती गेली." खरंय का? आणि असल्या लोकांना खरंच काही होतं का? अक्काला अजून सांगितलेलं नाही.

गोदाकाठचा

दादा, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. वाटेत जिथं सापडतील तिथं गोठवता येतात. शेवटचे ४६,५०० कधी गेले? दोन दिवस झाले असतील तर थोडी आशा आहे, महिना झाला असेल तर फार नाही. यूपीआयचे यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, जवळ घेऊन बसा, ते विचारतात. पोर्टलवरही तक्रार टाका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन.

आणि चॅनलमधून बाहेर पडू नका, काही डिलीट करू नका. दोस्ताचा फोन तर सोन्यासारखा जपा.

रिकामटेकडा

पोलिस व्हायला निघालेलं पोरगं सट्टा लावतंय. छान. उद्या बंदोबस्ताला कुठं लावणार याला?

गोदाकाठचा

@रिकामटेकडा, धाग्यावर मदत मागितलीय, प्रवचन नाही.

काळाकोट

मी वकिली करतो, फौजदारी. ओळीनं सांगतो.

तुमच्या भाच्याची भीती निम्मी चुकीची आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मुख्यतः अड्ड्यावर धाड पडते तेव्हासाठी. २०२५ चा केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांचा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड सांगतो, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही.

टिपवाल्यांचा विषय जुगाराहून वेगळा. ती सरळ फसवणूक आहे. भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), ७ वर्षांपर्यंत. दुसऱ्याचं नाव-रूप घेऊन मोबाइलवरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, ३ वर्षांपर्यंत. टोळी म्हणून संघटितपणे चालवत असतील तर कलम १११ लागू शकतं, त्यात किमान ५ वर्षं आणि ५ लाखांच्या खाली दंड नाही. अर्थात कलम लागणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं, तिथं खोटी आशा देत नाही.

जिंकलेले म्हणून दिसणारे १ लाख ५५ हजार विसरा. पैजेचा करार मुळातच रद्दबातल, करार कायद्याचं कलम ३०. त्यासाठी दावा चालत नाही. तक्रारीत फक्त खिशातून गेलेला आकडा लिहा.

भरतीचं म्हणाल तर फिर्यादी असणं म्हणजे आरोपी असणं नव्हे.

दुधना_जालना

माझेही गेलेत राव, म्हणून लिहितो. आमच्याकडं एडिटचा खेळ नव्हता, व्हॉट्सअ‍ॅपवर वैयक्तिक टिप यायची. ८ हजार जणांना मेसेज, निम्म्यांना ही टीम, निम्म्यांना ती. चुकलेले सोडून द्यायचे. उरलेल्या ४ हजारांत परत निम्मेनिम्मे. तीन मॅचनंतर हजार माणसं अशी उरतात ज्यांना तिन्ही टिप बरोबर आल्या. त्या हजारात मी होतो. देवमाणूस वाटला होता मला तो.

२०२२ ला गुजरातेत मेहसाण्याकडं मोलीपूर गावात शेतात खोटी आयपीएल भरवली होती, आठवतंय? शेतमजुरांना मॅचमागं ४०० रुपये देऊन जर्सी घालून उभं केलं, यूट्यूबवर लाइव्ह, आणि पैसे लावणारे रशियात! तेव्हा हसलो होतो मी.

मोंढेकरी

सगळ्यांचे आभार. १९३० लागला, तिसऱ्या प्रयत्नात. तक्रार क्रमांक मेसेजवर आला. ४६,५०० पैकी १९ हजार एका खात्यात अडवले म्हणतात.

पण काल रात्री अजून एक गोष्ट बाहेर आली, आणि लिहायला हात जड झालाय. पैसे गेल्यावर चॅनलवाल्यानं त्याला सांगितलं होतं, लॉस भरून काढायचा असेल तर तुझं खाते दे, आमचे पेमेंट येतील, पुढं पाठव, हजारामागं २० रुपये तुझे. यानं दिलं. तीन वेळा रक्कम आली, यानं पुढं पाठवली. आता बँक म्हणते खातं होल्डवर आहे, दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी तक्रारीवरून. वकीलसाहेब, आता काय?

काळाकोट

आता चित्र बदललं. आधी म्हणालो भीती निम्मी चुकीची. ही ती दुसरी निम्मी.

त्या तीन रकमा दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीच्या आहेत. न्याय संहितेत फसवणुकीनं मिळवलेला पैसाही चोरीचा माल धरतात, कलम ३१७. माहीत असून घेतला तर ३ वर्षांपर्यंत. पोलिसांना आधी सापडतो तो खातेदार, चॅनलवाला नव्हे. 'मला ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करायला चॅट लागतील, म्हणून वर गोदाकाठचा यांनी सांगितलं तेच मीही सांगतो, एक मेसेज पुसू नका.

स्वतःहून जा. जवळच्या फौजदारी वकिलाला घेऊन लातूरच्या सायबर पोलिसांकडं, लेखी जबाब, बँकेचा उतारा, हजारामागं वीसचा मेसेज, सगळं. कमिशन किती मिळालं तेही लपवू नका. तिकडच्या ठाण्याची नोटीस आली तर फेकू नका, बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली हजर राहायचीच असेल. हजर राहिलं तर सहसा अटकेची वेळ येत नाही. तरी अटकपूर्व जामिनाची, म्हणजे ४८२ ची, तयारी वकिलाला करून ठेवू द्या.

आणि गुन्हा खरंच नोंदला तर भरतीच्या फॉर्मवर तो लिहायचा. लपवलेला गुन्हा उघडा पडला तर निवड रद्द होऊ शकते, २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते सविस्तर सांगितलंय.

अडवलेले १९ हजार आपोआप परत येत नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागू शकतो.

कॅशकाउंटर

बँकेत आहे, एवढंच सांगतो. आता आठवड्याभरात 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा' म्हणणारा फोन येईल. बहुतेक त्याच टोळीचा. आणि टॅक्सचं पोराला समजावा: जिंकलेल्या रकमेवरचा कर कापून घेऊन उरलेलं देतात, आधी खिशातून कोणी मागत नाही.

मोंढेकरी

आज अक्काला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच नाही, एवढंच म्हणाली, "मला आधी कामून नाही सांगितलं?" हरभऱ्याचं बियाणं मी दुकानातून उधारीवर दिलंय.

सोमवारी सकाळी ११ ला वकिलाबरोबर लातूरला जातोय. भाचा म्हणाला, मामा, ११ च्या आत माझं ग्राउंड होईल. पहाटे पाचला १६०० मीटर पळतो तो, अजून तेवढं सोडलेलं नाही. काय होतं ते इथंच लिहीन.