भाड्याच्या घराची दुरुस्ती: रिटर्नमध्ये नक्की काय वजा होतं?

रामबागकर: इंदूरला रामबागेतलं घर वडिलांनी १९९६ मध्ये घेतलेलं, २०१४ पासून वारसाहक्कानं माझ्या नावावर. पूर्ण घर भाड्यानं दिलंय, महिना २२,०००. २०२५-२६ मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग १,१०,०००, रंग ५०,००० आणि मागच्या मोकळ्या जागेत नवी बाथरूम २,१०,०००. त्यासाठी बँकेचं ३ लाखांचं कर्ज काढलं, यंदाचं व्याज २६,०००. नगर निगमचा संपत्तीकर ९,००० भरलाय. ठेकेदार म्हणतो, पक्कं बिल हवं तर १८% जीएसटी वर द्या. हा खर्च भाड्यातून वजा होईल का? बिल घेऊ का?

हिशेबनीस: दुरुस्तीचा खर्च म्हणून एक रुपयाही वेगळा वजा होत नाही. आयकर कायद्याच्या कलम २४ ची ३०% सरसकट वजावट त्याच्यासाठीच आहे, मग खर्च शून्य होवो की चार लाख. तुमचा हिशेब असा: भाडं २,६४,०००, त्यातून संपत्तीकर ९,०००, राहिले २,५५,०००. त्याचे ३०% म्हणजे ७६,५००. उरले १,७८,५००. व्याज वजा जाता करपात्र १,५२,५००. संपत्तीकर मालकानं भरलेला हवा आणि ज्या वर्षी भरला त्याच वर्षी धरायचा. थकबाकी नुसती दाखवून चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, तरी ३०% तसेच आहेत.

व्याजाबद्दल लोक ३०,००० ची मर्यादा सांगतात, ती स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाला. भाड्याच्या घराला नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या, आणि कर्ज ज्या खात्यात आलं तिथूनच ठेकेदाराला पैसे द्या. मुद्दलाला कलम ८०सी ची वजावट मिळत नाही, ते खरेदी-बांधकामाच्या कर्जालाच.

पक्कंबिल: बिलाचा उपयोग घर विकताना. रंग आणि गच्चीची डागडुजी विसरा, ती दुरुस्तीच. नवी बाथरूम मात्र सुधारणा, तिचा खर्च भांडवली नफ्यातून, म्हणजे विक्रीवरच्या नफ्यातून, वजा होतो. घर २३ जुलै २०२४ पूर्वीचं, म्हणून भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला पर्याय आहे: इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खर्च वाढवून न धरता) १२.५% किंवा इंडेक्सेशनसह २०%. इंडेक्स सुधारणेच्या वर्षापासून चालतो. समजा २०१८-१९ मध्ये (इंडेक्स २८०) २ लाख घातले आणि २०२५-२६ मध्ये (इंडेक्स ३७६) विकलं, तर धरायचे २,६८,५७१.

आता १८% चं गणित. २,१०,००० वर जीएसटी ३७,८००. एकूण २,४७,८०० वर १२.५% नं वाचणारा कर ३०,९७५, तोही विकाल तेव्हा. म्हणजे निव्वळ करबचतीसाठी हे परवडत नाही. पण ठेकेदार नोंदणीकृत असेल तर जीएसटी लावणं त्याच्या मर्जीवर नाही, बिल द्यायलाच हवं. नोंदणी नसलेला छोटा मिस्त्री असेल तर त्याचं जीएसटीविना बिलही चालतं: नाव-पत्ता, कामाचं वर्णन, मापं, तारीख, सही. पैसे बँकेतून. आधीचे-नंतरचे फोटो ठेवा. ‘घरकाम रु. २,१०,०००’ एवढ्या एका ओळीचं बिल तपासणीत टिकत नाही. तिन्ही कामं एकाच बिलात घालू नका, नाहीतर बाथरूमचा आकडा वेगळा काढता येत नाही.

रामबागकर: आभार. भाडेकरूनं मोटार दुरुस्त करून ८,००० भाड्यातून कापले, तर भाडं २,५६,००० दाखवू?

हिशेबनीस: नाही, पूर्ण २,६४,०००. ते ८,००० तुमचाच दुरुस्तीखर्च, ३०% मध्ये आले. दुरुस्तीसाठी घर खरोखर रिकामं राहिलं असतं, तर त्या महिन्यांचं भाडं सुटलं असतं.