मिरजेची संगीतसभा आणि २००९ ची दंगल

कृष्णाकाठ : मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि तेथे हिंदू-मुसलमान श्रोते मांडीला मांडी लावून गाणे ऐकतात, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच गावात २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखानवधाच्या कमानीवरून दंगल उसळली. मग सुरांनी समाज जोडला जातो, या म्हणण्याला आधार कोणता?

मंद्रसप्तक : प्रश्न रास्त आहे, मात्र सभेपेक्षा शिष्यपरंपरेकडे पाहावे. उत्तर प्रदेशातील कैरानाहून आलेल्या खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य; गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी रामभाऊंकडे शिकले. खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या रोशन आरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि किराणा घराण्याची गायकी त्यांच्याबरोबर तिकडेही गेली.

तानपुरेप्रेमी : मला त्याहून भक्कम पुरावा मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या कारखान्यांत दिसतो. पूर्वी शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यनिर्मितीकडे वळली. भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतकऱ्याचा, कारागीर मुसलमान आणि गिऱ्हाईक बहुधा हिंदू गवई, अशी ही साखळी आहे. जवारी काढताना, म्हणजे तारेच्या नादाला घुमारा आणताना, कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने किंचित घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, पुन्हा छेडून पाहतो. समोर बसलेला गवई मान डोलावेपर्यंत हे चालते, कारण एकाच्या कानावाचून दुसऱ्याचा हात अडतो. हा संबंध प्रेमाचा असेलच असे नाही, पण गरजेचा आहे आणि म्हणूनच तो टिकला. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

विवादी : कारागिराचा मुद्दा मान्य, तरीही त्या साखळीबाहेरच्या माणसाचे काय? दगड उचलणारी मुले ख्यालाच्या सभेला येत नाहीत आणि सभेतील रसिक (त्यांत मीही आलो) रस्त्यावर उतरून कोणाचा हात धरीत नाहीत. २०१५ मध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली यांचा मुंबईतील कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला, तेव्हा त्यांच्या गझला वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी तोंड उघडले?

कृष्णाकाठ : शिकलगारांविषयीचे म्हणणे पटले. सभेविषयीची शंका मात्र कायम आहे; गणेश मंडळांतील तरुणांना उरुसाच्या सभेच्या व्यवस्थेत सामील करून घेण्याचा प्रयत्न कोणी केला असल्यास कृपया लिहावे.