‘देव मानत नाही’ चालतं, ‘नास्तिक’ म्हटलं की चालत नाही. तुमच्याकडे कसं आहे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडते.

आमच्या सोसायटीत श्रावणात सत्यनारायण असतो. दरवर्षी एक जोडपं बसतं, यंदा आमच्या मजल्याची पाळी. समोरच्या वहिनी सांगायला आल्या तेव्हा मी गवार मोडत होते. म्हटलं, “दुसऱ्या कुणाला बसवा हो वहिनी, मी हे काही मानत नाही.” त्या हसल्या. “अहो, हल्ली मानतंय कोण? दीड तासाचं तर काम. साडी नेसायची नि बसायचं.” आणि माझ्याबरोबर शेंगा मोडायला लागल्या. म्हणजे मी देव मानत नाही यात त्यांना काही वावगं वाटलंच नाही.

मग त्यांची इंजिनिअरिंगवाली लेक सहज म्हणाली, “काकू, म्हणजे तुम्ही नास्तिक का?” वहिनींचा हात जागच्या जागी थांबला. आणि मी लगेच, “छे गं, तसं काही नाही!”

आता आहे की तसंच. कॉलेजपासून आहे. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) शिबिरात ‘मंत्राने’ होम पेटवून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट, वरून तूप म्हणून ग्लिसरीन, आणि भडका उडेपर्यंत तोंडाने काहीतरी पुटपुटत राहायचं. घरी गौरींचं पुरण मीच घालते, कारण सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि मला पुरणपोळी आवडते. यात मला कुठेही अडत नाही. अडतं ते फक्त तो शब्द स्वतःला लावताना.

तर प्रश्न असा: तुम्ही चारचौघांत स्वतःला काय म्हणवता? नास्तिक, विवेकवादी, की नुसतंच ‘मानत नाही’? चार्वाकापासून सुरुवात करू नका, प्लीज. प्रत्यक्षात काय होतं ते सांगा.

पेठकर

चाळीस वर्षं छातीठोकपणे नास्तिक म्हणवतोय, कोणी खाल्लं नाही मला. आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, तुम्हाला एका वहिनींचं भय! डॉ. लागूंनी देवाला रिटायर करा म्हणून जाहीर सांगितलं, लोकांनी त्यांची नाटकं बघायचं सोडलं का? बुळचटपणा आहे हा सगळा.

लसणीची_चटणी

पेठकरकाका, एक विचारू? तुमच्याकडे गणपती बसतो का?

पेठकर

बसतो. सौ. बसवते. मी त्यात पडत नाही. आरतीच्या वेळी गॅलरीत असतो.

लसणीची_चटणी

तेच म्हणतेय मी. तुम्ही गॅलरीत गेलात तर घराला एक तत्त्वनिष्ठ गृहस्थ मिळतो, आणि मोदक वेळेवर होतातच. काकू गॅलरीत गेल्या तर? आमच्याकडे मी एक वर्ष हरतालिकेचा उपास केला नाही, त्यानंतर नवऱ्याच्या किडनी स्टोनपर्यंत सगळं माझ्या खात्यावर जमा झालं. म्हणून मी ‘ॲसिडिटी होते’ सांगते. डॉक्टरचं नाव घेतलं की कोणी वाद घालत नाही.

कृष्णाकाठ

@पेठकर, बुळचट तर बुळचट. पण पूजेला मी बसले नाही हो. नवरा एकटा बसला, भटजींनी माझ्या जागी सुपारी मांडून वेळ मारून नेली. शास्त्रात सोय आहे म्हणे. सुपारीला कोणी विचारलं नाही तिचा विश्वास आहे का.

@लसणीची_चटणी, ॲसिडिटी! उचलली आयडिया.

वाशिष्ठीकाठचा

तुमचं ‘मानत नाही’ तरी चालतं. आमच्यात तेही नाही. मी चिपळूणचा, मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव मिरजोळी जवळच. त्यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ला गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन नाही, दहन केलं. आमच्याकडे वडीलधारी मंडळी त्यांचं नाव काढलं की अजून आवाज खाली करतात.

माझी खरी पंचाईत घरात नाही, ऑफिसात आहे. रमजानमध्ये सगळे सहकारी मला इतकं जपतात की समोर कोणी डबाच उघडत नाही. पाणीसुद्धा पॅसेजमध्ये जाऊन पितात बिचारे. आता त्यांना कसं सांगू, बाबांनो मला भूक लागलीय? सांगितलं तर ‘वा वा, तुम्ही तसले नाही!’ म्हणून पाठ थोपटतील, आणि ते मला उपाशी राहण्यापेक्षा जास्त टोचतं. त्यामुळे महिनाभर दुपारी दोन वाजता मला बँकेत काहीतरी काम निघतं. कोपऱ्यावर मिसळ बरी मिळते.

तर नाही, नास्तिक म्हणवत नाही. तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला की तो दुसरंच कोणीतरी वापरणार.

तर्री_पोहे

नागपूर. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही अशी. त्यामुळे देव नसणं हे आमच्या घरात बंड नाही, ते घरचं वळण आहे.

गंमत पुढे आहे. मी वंदनेलाही हात जोडत नाही. तर आई म्हणते, “मंग तू आहेस तरी कोन?” तिला देवाची फिकीर नाही. तिला वाटतं, एवढ्या लोकांनी मिळून जे कमावलं ते हा पोरगा एका शब्दात वाटेवर टाकून चालला. पेठकर स्वतःला नास्तिक म्हणतात तेव्हा त्यांचा देव जातो, बाकी सारं जिथल्या तिथे. मी ‘बौद्ध’ खोडलं की लोक मागे जाऊन जुनी जातच काढणार, दुसरं काय? शिवाय अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९०पासून बौद्ध यांनाच आहे. ‘धर्म नाही’ लिहिलं तर उद्या दाखल्याच्या वेळी साहेब काय म्हणेल, हा विचार येतोच. म्हणून मी बौद्ध. त्याच्यापुढे कोणी खोदून विचारलं तर चहा मागवतो.

खडू_फळा

मी झेडपीचा मास्तर. फेब्रुवारी २०११मध्ये जनगणनेला गावं फिरलोय, तिथलं सांगतो. दारात जो भेटेल तो सगळ्या घराचं सांगतो. बहुतेक आजोबाच. धर्माच्या रकान्याला आलो की ते म्हणणार, “आता ते काय विचारता, लिहा की.” आम्हीही आडनाव बघून पेन टेकवलेलंच असायचं. सुनेला विचारा म्हटलं असतं तर चहा मिळाला नसता.

त्या वेळी देशात नास्तिक म्हणून नोंद झालेले ३३ हजारांच्या आसपास, त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रात. हे आकडे मला खरे वाटत नाहीत, कारण आकडे लिहिणारे आम्हीच.

@तर्री_पोहे, जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय असते, तिचा दाखल्याशी संबंध नाही. बाकी कागदांबद्दल म्हणाल, तर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की कुठल्याही फॉर्मवर धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही, ‘धर्म नाही’ असंही लिहिता येतं. ती याचिका करणारे नास्तिक नव्हते बरं का. येशूवर श्रद्धा होती त्यांची, फक्त ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं नव्हतं.

२०२७च्या जनगणनेत स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय आहे. बघू, कोण काय लिहितं.

पेठकर

सौ.ला आत्ताच विचारलं. ती म्हणते, माझ्यापुढे हिंदूच लिहायचं, आणि तुमच्यापुढे काय लिहायचं ते तुम्ही गॅलरीत जाऊन ठरवा.

कृष्णाकाठ

काकूंना नमस्कार सांगा!

@खडू_फळा, मास्तर, २०११ला आमच्याकडेही सासऱ्यांनीच दारात उभ्या उभ्या सगळ्यांचं सांगून टाकलं होतं. मी आत भाकऱ्या थापत होते. आता एक नेमकं सांगा: ते ऑनलाइन भरताना ओटीपी घरातल्या कोणाच्या मोबाइलवर येणार?